बहात्तर खडक आणि रिकामे ठोके

एका राज्यात, जिथली नदी गाणाऱ्यालाच वाट देई, मेदिनीधर नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य मोठं, राजवाडा उंच, भांडार भरलेलं. राजाचं डोकं मात्र गळकं. सकाळी प्रधानाने चार गोष्टी सांगाव्यात, दुपारपर्यंत त्यांतल्या दोन गळून जाव्यात. दरबारात दोघं एकदम बोलले तर राजाला एकाचंही उमगत नसे. मग तो चिडे, आणि राजा चिडला की शिक्षा दुसऱ्याला होते.

राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवर ती नदी एका अरुंद दरीत शिरे. दरीत बहात्तर खडक होते, काही पाण्यावर, बरेचसे पाण्याखाली, आणि प्रत्येकाला नाव होतं. म्हातारी, उलटा उंबरठा, दोन जावा, रेडा, बोका. दरीच्या तोंडाशी उंबरघाट नावाचं नावाड्यांचं गाव होतं. तिथले नावाडी हे खडक डोळ्यांनी ओळखत नसत, कारण त्या फेसात डोळ्यांना काही दिसत नाही. ते गात. खडकाचं नाव, वळायची बाजू, पुढच्या खडकाचं नाव, असं बहात्तर कडव्यांचं एक गाणं होतं. गाणं संपलं की दरी संपे.

नावेत दोन माणसं महत्त्वाची. सुकाणूवर बसून गातो तो म्हणणारा. त्याच्यासमोर बसून लाकडी टिपरूने नावेच्या काठावर ठोका देतो तो ठोकेकरी. म्हणणाऱ्याने ठोके मोजायचे नाहीत आणि ठोकेकऱ्याने शब्द उच्चारायचा नाही, अशी पूर्वजांची रीत. गाण्यात काही जागी ठोकेकरी टिपरू उचली आणि मारीत नसे. तो रिकामा ठोका. तेवढा वेळ म्हणणारा गप्प राही, वल्ही वर होत, आणि नाव प्रवाहाच्या हवाली केली जाई. दोन जावांच्या पुढे असे दोन रिकामे ठोके होते. ते सोसले की पाणी स्वतःच नावेला रेड्याच्या बाजूने काढून देई.

उंबरघाटात धुरपा नावाची ठोकेकरीण होती. तिचा आवाज जुन्या गोणपाटासारखा फाटका, पण तीस वर्षांत तिचा एक ठोका इकडचा तिकडे झाला नव्हता. तिचा मुलगा सुभाना म्हणणारा होता. धाकटी भिवरा म्हणायला शिकली होती.

एके दिवशी घनकर्ण नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"महाराज," तो म्हणाला, "जे गातात, वाजवतात, त्यांच्या डोक्यात एक जास्तीची खोली असते. शंभर आवाजांतून त्यांचा कान एक आवाज वेचून काढतो. ऐकलेल्या गोष्टी त्यांच्या डोक्यात ओळीने बसतात आणि ओळीनेच बाहेर येतात. बोलणाऱ्याचे शब्द कळण्याआधी त्यांना त्याचा राग कळतो. ती खोली सुरांनी बांधलेली असते."

"मग ते सूर आम्हाला द्या."

"देतो."

खोलीच्या भिंती काढून घेतल्यावर त्या माणसांच्या डोक्याचं काय होईल, हे राजाने विचारलं नाही. प्रधानाने विचारलं नाही. दरबारात साठ माणसं होती.

मग शिपाई गावोगाव फिरले. माणसाला उभं करायचं, गायला लावायचं. सूर लागला की घनकर्ण त्याच्या कानाला काळ्या मातीचा घडा लावी आणि सूर घड्यात उतरे. वरून मेणाचं झाकण. उंबरघाटात सगळ्यांचे सूर उतरवून झाले. धुरपाला उभं केलं तेव्हा तीही गायली. शिपाई पोट धरून हसले.

"हिच्यापेक्षा आमच्या तळ्यातला बेडूक बरा," त्यांचा नाईक म्हणाला. "जा बाई, तुझ्या डोक्यात काही नाही."

तिला तसंच सोडून दिलं.

सूर गेले आणि गावाची घडी विस्कटली. बाजारात ओळखीची हाक ओळखू येईना. तान्हं मूल भुकेने रडतंय की पोट दुखून, हे बायांना समजेना, आणि त्या दुखणाऱ्या पोटांना दूध पाजीत राहिल्या. निरोप्या निरोपाचा शेवट आधी सांगे आणि सुरुवात विसरे. खडकांची बहात्तर नावं सगळ्यांना येत होती, पण गोठ्यातून गुरं सुटावीत तशी ती तोंडातून सुटत. धुरपाने ठोका देऊन पाहिला. लोकांना तो ऐकू येई, पण डोक्यात राहत नसे. पाण्यावर ओढलेली रेघ जशी.

गावचे म्हातारे राजाकडे गेले. राजाने उदारपणे उपाय केला. त्याने गाण्याचे शब्द ताम्रपटावर कोरवून दिले. शब्द बरोबर होते. ठोके कोरले नाहीत, कारण ठोक्याला अक्षर नाही, आणि रिकाम्या ठोक्याला तर आवाजही नाही. ताम्रपटात ठोकेकऱ्याचा उल्लेख नाही, तेव्हा नावेत ठोकेकरी नको, असा हुकूमही सोबत आला.

ताम्रपट घेऊन पहिली नाव सुभानाने नेली. धुरपा काठावर उभी होती. शिपायाने तिच्या हातातलं टिपरू काढून घेतलं होतं. सुभाना मोठ्याने वाचीत गेला. दोन जावा, डावीकडे. रेडा, उजवीकडे. त्याने एक अक्षर चुकवलं नाही. मध्ये थांबायचं असतं, हे त्याच्या डोक्यातून काढून नेलेलं होतं. तो उजवीकडे दोन ठोके लवकर वळला आणि नाव रेड्यावर फुटली.

वल्हेकरी पोहून आले. सुभाना चौथ्या दिवशी सापडला.

तेराव्यानंतर दरबाराचं पत्र आलं. ताम्रपट निर्दोष आहे. नावाडी वाचायला चुकला. सर्व प्रजेची खात्री पटावी म्हणून येत्या पौर्णिमेला दुसरी नाव जाईल, तीत चाळीस माणसं बसतील, आणि सुकाणूवर मृताची बहीण भिवरा असेल.

धुरपाने पत्र दोनदा वाचून घेतलं. मग घडी करून कमरेला खोचलं.

"आये, कुठं निघालीस?" भिवराने विचारलं.

"राजाकडं."

"काय सांगणार त्याला?"

"सांगणार नाही. मागणार."

"आणि त्यानं नाही दिलं तर?"

"भाकऱ्या तीन दिवसांच्या बांध," धुरपा म्हणाली. "परतीच्या नकोत. परतीचं मी बघते."

पहिल्या दिवशीच्या वाटेवर बाभळीवर एक साळुंकी बसली होती. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यात कुणाला नवल नव्हतं.

"काय गं बेडके," साळुंकी म्हणाली. "राजधानीला ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"शिपाई अजून ती गोष्ट सांगून हसतात. माझं घरटं भांडाराच्या भिंतीत आहे. कामधाम काही नाही, पण बातम्या ताज्या."

"मग बातमी दे."

"राजा रोज एक घडा कानाला लावून बसतो, शहाणपण येईल म्हणून. वर्ष झालं. कानात मेण गेलं, बाकी काही नाही. त्याला कुणी सांगावं, गाणं डोक्यात ओतता येत नाही, गाऊन गाऊन डोकंच घडवावं लागतं."

"आणि सूर परत मागितले तर?"

"घनकर्ण तीन कामं सांगतो. एकही चुकलं की मागणाऱ्याचा घडा होतो. आजवर अकरा झाले. त्यांत एक सनईवाला आहे, चांगला माणूस. त्याच्यावर आता झाडू टेकवून ठेवतात."

धुरपा चालत राहिली. साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"उडून दाखव की," धुरपा म्हणाली.

"तीन दिवस कोण उडेल? तुझे पाय आहेत ना."

तिसऱ्या दिवशी दुपारी धुरपा दरबारात उभी राहिली.

"काय पाहिजे?" राजाने विचारलं.

"ज्यांचे सूर, त्यांना परत."

प्रधान वाकून राजाच्या कानाशी लागला. राजाने कपाळाला आठ्या घातल्या आणि आठवलं. "तुझा मुलगा वाचायला चुकला."

"महाराज, आपण ताम्रपट वाचलात?"

"आम्हाला वाचण्याची गरज नाही."

"दरी पाहिलीत?"

"नाही."

"तुमच्या साठ जणांपैकी कुणी पाहिली?"

दरबार जमिनीकडे पाहू लागला.

"मग तो चुकला हे कुणी पाहिलं?" धुरपाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. फाटका आवाज चढवावा लागत नाही.

"घनकर्णा," राजा म्हणाला, "हिला कामं सांग."

भांडाराचं दार उघडलं. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर एक हजार घडे. घनकर्णाने बोट फिरवलं तशी हजार झाकणं सैल झाली आणि हजार सूर एकदम गाऊ लागले. राजाने कानांवर हात ठेवले.

"पहिलं काम," घनकर्ण ओरडून म्हणाला. "यात तुझ्या मुलाचा घडा आहे. झरोक्यातलं ऊन फरशीवर टेकेपर्यंत तो शोधून काढ."

सुभाना गेला तेव्हा त्याचा सूर त्याच्याजवळ नव्हता. तो इथे होता. म्हणजे सूर मेला नव्हता. हे धुरपाच्या मनात आलंच नव्हतं. ती क्षणभर दाराला धरून उभी राहिली.

मग तिने डोळे मिटले. आवाज शोधायचा नाही, हे तिला कळत होतं. हजार गोड आवाजांत एक गोड आवाज शोधणं म्हणजे नदीत पाणी शोधणं. ती एक खोड शोधू लागली. सुभाना रिकाम्या ठोक्यांनंतर नेहमी अर्धा ठोका उशिरा उठे, पुढचं नाव तेवढं मागून येई. सोळा वर्षं तिने त्याला त्यावरून बोल लावले होते, जेवताना, जाळं विणताना, परक्या पाहुण्यांसमोरसुद्धा. ती तळहातावर बोटाने ठोका देत फळ्यांशेजारून चालू लागली. कुणी ठोक्याच्या आधी येत होतं, कुणी बरोबर, कुणी घाबरून घाईने. ऊन खाली सरकत होतं. डाव्या भिंतीच्या तिसऱ्या फळीशी ती थांबली, मागे हात घातला आणि एक घडा बाहेर काढला.

"हा."

साळुंकी खांद्यावर होती. तिने वाकून घडा न्याहाळला.

झाकणं बसली, दालन गप्प झालं. घनकर्णाने घडा हातात घेऊन पाहिला आणि ओठ चावला.

"दुसरं काम. महाराजांच्या बहात्तर पूर्वजांची नावं मी एकदाच सांगेन. ती ओळीने परत सांगायची."

"महाराजांना येतात का?" साळुंकीने विचारलं. राजा झरोक्याकडे पाहू लागला.

घनकर्ण नावं सांगत गेला. धुरपाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. एका हाताला बारा पेरं, सहा फेऱ्या. प्रत्येक नाव एका पेरावर, एका ठोक्यावर. तीस वर्षं तिने ठोके मोजले होते आणि रीतीप्रमाणे त्यांवर एक शब्द ठेवला नव्हता. आज तिने रीत मोडली. तिने तोंड उघडलं आणि नावं जशी आत गेली होती तशीच बाहेर आली.

शेवटचं नाव झाल्यावर ती म्हणाली, "सव्विसावं आणि साठावं एकच आहे."

प्रधानाने घाईघाईने वंशावळ उलगडली. सव्विसाव्या जागी तो पूर्वज होता. साठाव्या जागी दुसराच कुणीतरी होता.

"मांत्रिक चुकला, महाराज," धुरपा म्हणाली. "आता याला नावेत बसवायचं की पत्र लिहायचं?"

घनकर्णाच्या चेहऱ्याचा रंग घड्यांसारखा झाला. इथवर कुणी पोचलं नव्हतं.

"तिसरं काम," तो सावकाश म्हणाला. "प्रत्येक मंत्राला एक उलटी गाठ ठेवावी लागते, त्याशिवाय मंत्र बसत नाही. आणि जो गाठीपर्यंत येईल त्याला ती सांगावी लागते. ज्याचा मालक मेला आहे असा घडा त्याच्याच माणसाने फोडला, तर बाकीचे सगळे सूर सुटतील आणि आपापल्या डोक्यात परत जातील. फोडलेल्या घड्यातला सूर मात्र घरी जाणार नाही. त्याला घर नाही." त्याने सुभानाचा घडा तिच्यासमोर ठेवला. "फोड."

राजा सिंहासनाच्या सवयीने बसायला जागा शोधत होता. ती मिळाली नाही, तेव्हा तो पुढे आला. त्याचा आवाज मऊ झाला होता.

"बाई, फोडू नकोस. हा घडा घरी घेऊन जा. रोज ऐक. आम्ही तुला पालखीतून पोचवू. मुलाच्या जागी मुलाचा आवाज तरी राहील."

"आणि पौर्णिमेची नाव?"

"तुझी मुलगी तीत नसेल. दुसरी कुणी मुलगी बसवू."

"कुणाची?"

"असेल कुणाची तरी," राजा म्हणाला.

धुरपाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने क्रूरपणे म्हटलं नव्हतं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं की मुलगी कुणाची तरी असते. तिला वाटलं होतं राजा दुष्ट असेल. दुष्टाचा राग तिने तीन दिवसांच्या वाटेवर पुरवून आणला होता. इथे दुष्टसुद्धा कुणी नव्हतं. एक माणूस होता, त्याच्या मनात असं आलं, आणि साठ माणसांनी मान डोलावली. एवढ्यावर सुभाना गेला.

तिने घडा उचलून कानाला लावला.

आत सुभाना गात होता. म्हातारी, उलटा उंबरठा. त्याचा आवाज सकाळी उठल्यावर असे तसा, थोडा जड. दोन जावा, डावीकडे. मग तो थांबला. एक रिकामा ठोका. दुसरा रिकामा ठोका. धुरपाने वाट पाहिली. तो आला, नेहमीसारखा अर्धा ठोका मागून.

"उशीर," ती म्हणाली, आणि घडा फरशीवर आपटला.

एक हजार घडे एकदम तडकले. सूर झरोक्यातून बाहेर पडले आणि राज्यभर गेले. भर बाजारात माणसं हाकेसरशी वळली. एका बाईने रडत्या लेकराला छातीपासून दूर केलं, पालथं घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. अकरा घड्यांची अकरा माणसं झाली. सनईवाला अंगावरचा झाडू झटकत उठला आणि त्याने सगळ्यांत आधी शिव्या दिल्या. घनकर्ण जिथे उभा होता तिथे एक काळा घडा उरला. त्यात काहीच नव्हतं.

एकच सूर जायचा राहिला. त्याने दालनात तीन फेऱ्या मारल्या. ज्याला घर नसतं तो सूर, ज्याने घर मोडलं त्याच्याकडे जातो. तो राजाच्या कानात शिरला.

राजाचं तोंड उघडलं. आयुष्यात कधी सूर न लागलेला तो माणूस गाऊ लागला. म्हातारी. उलटा उंबरठा. एकामागून एक खडक त्याच्या डोक्यात ओळीने उभे राहिले. दोन जावा, डावीकडे. आणि मग त्याला थांबावं लागलं. इच्छा असो नसो, गाणंच थांबलं. त्या दोन ठोक्यांच्या गप्पपणात त्याने दरी पाहिली, फेस पाहिला, पाण्याने नावेला कसं बाजूला न्यायचं असतं ते पाहिलं. तो फरशीवर खापरांत बसला.

"इथे थांबायचं होतं," राजा म्हणाला.

"होय."

"ताम्रपटात हे नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे तो चुकला नाही."

"हे मला कशाला सांगता?" धुरपा म्हणाली. तिने कमरेचं पत्र काढून त्याच्यासमोर टाकलं. "हे जिथे जिथे धाडलंत, तिथे तिथे सांगा. आणि लिहून नको. माणूस पाठवा, उभा राहून मोठ्याने बोलेल असा."

माणसं पाठवली गेली. ती गावोगाव चावडीपुढे उभी राहिली आणि मोठ्याने बोलली. ठोकेकऱ्यांवरची बंदी उठली. साळुंकी भांडाराच्या भिंतीत परतली, आणि तिथे आता फारच शांतता आहे म्हणून तिने तक्रार केली.

पौर्णिमेला नाव निघाली. राजाने सांगितलेली नाव नव्हे, दर पौर्णिमेची. सुकाणूवर भिवरा होती, तिच्यासमोर धुरपा. चाळीस माणसं बसली. चाळिसावा राजा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या गाण्याने त्याला बसू दिलं नव्हतं. लोकांनी सरकून जागा दिली, पण कुणी उठून उभं राहिलं नाही.

दरीत शिरताच फेसाने सगळं पांढरं केलं. भिवराचा आवाज पहिल्या तीन खडकांना कापला, मग सावरला. दोन जावा, डावीकडे. धुरपाने टिपरू उचललं आणि वर धरलं. वल्ही वर झाली. चाळीस माणसांनी श्वास रोखला. एक. पाणी नावेखाली वळत होतं. दोन. रेडा उजव्या हाताला हातभर अंतरावरून गेला, काळा, ओला, म्हशीच्या पाठीसारखा. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. धुरपाने पाहिलं नाही. ठोकेकऱ्याने म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं असतं. ती भिवराकडे पाहत होती. भिवरा ठोक्यावर उठली, अगदी बरोबर, आणि पुढचा खडक गाऊ लागली.

बहात्तरावं कडवं संपलं तेव्हा पाणी सपाट झालं होतं आणि पलीकडच्या काठावरचे लोक दिसत होते.

नाव लागली. राजा उठला, धुरपासमोर आला आणि त्याने हात जोडले.

"बाई," तो म्हणाला, "क्षमा असावी."

धुरपा टिपरू पदराला पुसत होती.

"उतरा, महाराज," ती म्हणाली. "मागे माणसं खोळंबलीत."

राजा उतरला. पुढे त्याने बरीच वर्षं राज्य केलं, आणि हुकूम देताना तो मध्येच गप्प होई, कधी एक ठोका, कधी दोन. तेवढ्या वेळात पुष्कळ हुकूम त्याने स्वतःच मागे घेतले. धुरपाने त्याला क्षमा केली नाही. क्षमा कर, असं कुणी तिला सांगितलंही नाही. नाव मात्र दर पौर्णिमेला गेली, आणि पोचली. तशी ही कथाही आता काठाला लागली. ऐकणाऱ्यांनी जपून उतरावं.